इंजिनवरचं ‘झाकण’ नवीन टाकलं तरी गाडी पुन्हा का बिघडते? व्हॉल्व्ह कव्हरचा सगळा विषय समजून घ्या

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या पोरापोरींची पहिली मोठी खरेदी बऱ्याचदा एकच असते. जुनी गाडी.

बजेट कमी, अंतरं मोठी आणि बसची सोय बेताची. मग स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या गाड्यांची शोधाशोध सुरू होते. त्या यादीत एक नाव दिसतं, शेव्हरोले क्रूझ. दिसायला चांगली, मायलेज बरं, टर्बो इंजिन आणि किंमत खिशाला परवडणारी.

गाडी घेऊन काही महिने होतात आणि एक दिवस डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो. बॉनेट उघडलं की शिट्टीसारखा आवाज येतो. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. मेकॅनिक बघतो आणि सांगतो, “व्हॉल्व्ह कव्हर गेलंय.”

आता प्रश्न येतो पैशांचा. शोरूममधला पार्ट महाग. ऑनलाईन बघितलं तर तसंच दिसणारं आफ्टरमार्केट कव्हर कित्येकदा निम्म्याहून कमी किमतीत. घ्यावं की नाही?

उत्तर सोपं आहे. घेता येतं. पण जुनं कव्हर का गेलं हे न बघता नवीन बसवलं, तर ते कंपनीचं असो की आफ्टरमार्केट, पुन्हा जाऊ शकतं. असं का होतं, ते सुरुवातीपासून बघू.

व्हॉल्व्ह कव्हर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये याला टॅपेट कव्हर म्हणतात. बॉनेट उघडल्यावर वरची सजावटीची प्लास्टिकची टोपी काढली की इंजिनच्या सगळ्यात वर जो लांबट डब्बा दिसतो, तो हा. इंजिन ऑईल ओततो ते झाकण बहुतेक गाड्यांत याच कव्हरवर असतं.

या कव्हरच्या खाली कॅमशाफ्ट फिरत असतो आणि तो व्हॉल्व्ह उघडतो, बंद करतो. हे सगळे भाग सतत ऑईलमध्ये न्हालेले असतात. हे ऑईल बाहेर उडू नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये, हे कव्हरचं पहिलं काम.

कव्हर आणि इंजिनचं हेड यांच्यामध्ये रबरी पॅकिंग असतं. जुनं झालं की ते कडक होतं आणि कडेनं ऑईल पाझरायला लागतं. “टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय” हे वाक्य जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी ऐकलेलं असतं.

पूर्वी हा विषय इथंच संपायचा. कव्हर पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं असायचं. पॅकिंग बदललं, बोल्ट आवळले की झालं. कव्हर स्वतः खराब व्हायचा प्रश्नच फारसा येत नसे.

मग आता कव्हरच बदलायची वेळ का येते? त्यासाठी इंजिनच्या आत चालणारी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल.

इंजिनलाही श्वास सोडावा लागतो

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं तेव्हा त्या दाबानं पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती रिंगा असतात, पण त्या शंभर टक्के गॅस अडवू शकत नाहीत. थोडा गॅस रिंगांच्या फटीतून निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑईल असतं त्या भागात जातो. याला ‘ब्लो-बाय’ म्हणतात. इंजिन नवं असो की जुनं, हे प्रत्येक गाडीत होतं.

हा गॅस आत कोंडला तर दाब वाढतो आणि ऑईल सीलमधून ऑईल बाहेर ढकललं जातं. त्यातली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये मिसळून ऑईल खराब होतं. म्हणून त्याला बाहेर जायला वाट हवीच.

फार पूर्वी ही वाट म्हणजे एक साधी नळी होती. ती गाडीखाली उघडायची आणि सगळा घाणेरडा गॅस थेट रस्त्यावर सुटायचा. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेची चर्चा पेटली, तेव्हा या नळीवरही बोट ठेवलं गेलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आधी कॅलिफोर्नियात आणि मग अमेरिकेत इतरत्र नवीन गाड्यांमध्ये ‘पीसीव्ही’ आली. पीसीव्ही म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन.

कल्पना साधी आहे. क्रँककेसमधला गॅस बाहेर सोडायचा नाही. तो नळीतून पुन्हा इनटेकमध्ये आणायचा आणि नवीन हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाळून टाकायचा. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा इनटेकमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, तोच हा गॅस खेचून घेतो.

पण किती खेचायचं यावर नियंत्रण हवं. कमी खेचलं तर दाब साठतो. जास्त खेचलं तर गॅसबरोबर ऑईलही ओढलं जातं. हे नियंत्रण ठेवणारा भाग म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. जुन्या गाड्यांत तो अंगठ्याएवढा वेगळा पार्ट असायचा. बिघडला तर काढा, दुसरा लावा.

झाकणाचं यंत्र कधी झालं?

पुढे कंपन्यांनी कव्हर प्लास्टिकचं करायला सुरुवात केली. साधं प्लास्टिक नाही, काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन. वजन कमी, खर्च कमी. शिवाय साच्यातून हवा तो आकार काढता येतो.

मग इंजिनिअर लोकांनी विचार केला की साच्यातून काढतोच आहोत, तर गॅसमधून ऑईलचे थेंब वेगळे करणारे कप्पे आणि वाटाही कव्हरच्या आतच करू. आणि पीसीव्हीचं नियंत्रण करणारा रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, तोही कव्हरमध्येच बसवू.

क्रूझच्या १.४ लिटर टर्बो इंजिनात हेच आहे. कव्हरच्या वर एक गोल चकतीसारखा भाग दिसतो. त्याच्या आत तो पातळ पडदा आणि स्प्रिंग असते. चकतीच्या कडेला एक बारीक छिद्र असतं, ते पडद्याच्या वरच्या बाजूला बाहेरची हवा लागावी म्हणून. आत व्हॅक्यूम वाढला की पडदा खाली ओढला जातो आणि वाट अरुंद करतो. व्हॅक्यूम कमी झाला की वाट मोकळी होते.

पण रबर ते रबरच. वर्षानुवर्षं गरम ऑईलची वाफ, रोजचं तापणं आणि थंड होणं. कधीतरी तो पडदा फाटतो. आणि तो कव्हरचाच भाग असल्यामुळे कंपनीच्या हिशोबानं अख्खं कव्हर बदलावं लागतं. छोट्याशा पडद्यासाठी पूर्ण डब्बा.

हे फक्त शेव्हरोलेचं नाही. याच इंजिनाचे भाऊबंद युरोपात ओपेलच्या गाड्यांत आले, अमेरिकेत सॉनिक, ट्रॅक्स आणि ब्युक एन्कोरमध्ये आले. बीएमडब्ल्यूच्या एन२० आणि एन५५ या इंजिनांतही पीसीव्ही कव्हरमध्येच आहे आणि तिथंही कव्हर बदलणं हे नेहमीचं काम झालंय.

पडदा फाटला की काय होतं?

पडदा फाटला की त्या बारीक छिद्रातून बाहेरची हवा थेट आत ओढली जाते. ही हवा सेन्सरसमोरून आलेली नसते, त्यामुळे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या हिशोबात ती नसतेच. पेट्रोल ठरलेल्या हिशोबानं पडतं, हवा मात्र जास्त. मिश्रण पातळ होतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

स्कॅनर लावला की बऱ्याचदा पी०१७१ हा कोड येतो. त्याचा अर्थ ‘मिश्रण पातळ आहे’ एवढाच. कधी पी०२९९ येतो, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय.

इथं पहिला खड्डा आहे. कोड लक्षण सांगतो, पार्टचं नाव सांगत नाही. पी०१७१ बघून लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. पी०२९९ बघून कुणी टर्बोच बदलायला निघतं. पैसे जातात आणि दिवा तसाच.

खात्री करायची साधी पद्धत आहे. इंजिन चालू, गाडी न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला. चकतीच्या त्या छिद्राजवळ कान द्या. हिस्स असा आवाज येतोय का? छिद्रावर बोट ठेवल्यावर बोट ओढल्यासारखं वाटतं का, आवाज थांबून इंजिनची चाल बदलते का? तसं असेल तर पडदा फाटलाय. चांगला असेल तर तिथून हवा ओढली जात नाही. हे करताना बाही, ओढणी, केस फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा आणि गरम भागांना हात लागू देऊ नका.

पण खरा चोर दुसरीकडेच असतो

आता मुख्य मुद्दा. क्रूझचं इंजिन टर्बोचं आहे. साध्या इंजिनात इनटेकमध्ये कायम व्हॅक्यूम असतो. टर्बोच्या गाडीत तसं नसतं. गाडी हळू चालताना व्हॅक्यूम असतो, पण ॲक्सिलरेटर दाबला की टर्बो हवा कोंबतो आणि तिथंच दाब तयार होतो.

म्हणजे जी वाट क्रँककेसमधून गॅस खेचत होती, तीच आता क्रँककेसमध्ये हवा ढकलायला लागेल. तसं होऊ नये म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये एक छोटा रबरी चेक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. एकाच दिशेनं जाऊ देणारा. विहिरीवरच्या पंपाच्या पाईपला खाली फूटव्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर येऊ देणारा पण परत जाऊ न देणारा? अगदी तसाच.

टर्बो जोरात असताना ही वाट बंद होते आणि गॅस दुसऱ्या वाटेनं, एका वळ्यावळ्याच्या नळीतून, टर्बोच्या तोंडाकडे जातो. त्या नळीच्या टोकालाही एक चेक व्हॉल्व्ह आहे.

गडबड होते ती मॅनिफोल्डमधल्या व्हॉल्व्हची. नारिंगी रंगाची छोटीशी रबरी गोष्ट. ती कालांतरानं सैल होते आणि निखळून इंजिनच्या पोटात जाते. लहान असल्यामुळे ती गेल्याचं कळतही नाही.

आता दरवेळी ॲक्सिलरेटर दाबला की टर्बोचा दाब थेट क्रँककेसमध्ये घुसतो. सगळ्यात कमजोर जागा आधी फुटते. ती म्हणजे कव्हरमधला पातळ पडदा. तो नाही फुटला तर क्रँकशाफ्टच्या सीलमधून ऑईल यायला लागतं. गिअरबॉक्सकडच्या बाजूचं सील गेलं तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. काही शे रुपयांसारखी किंमत असलेल्या सीलसाठी मजुरीच प्रचंड.

चित्र आता स्पष्ट होईल. मेकॅनिकनं फाटलेला पडदा बघितला, नवीन कव्हर बसवलं, दिवा विझला, सगळे खूश. पण मॅनिफोल्डमधला व्हॉल्व्ह गायबच आहे. टर्बोचा दाब आता नवीन पडद्यावर आदळतोय. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा तोच आवाज, पुन्हा तोच दिवा.

मग लोक म्हणतात, “स्वस्तातला आफ्टरमार्केट पार्ट घेतला म्हणून असं झालं.” कधीकधी ते खरंही असतं. पण या इंजिनात पार्टला शिव्या देण्याआधी तो व्हॉल्व्ह जागेवर आहे का, हे बघणं गरजेचं आहे.

बघायला फार कष्ट नाहीत. इंजिन थंड असताना मॅनिफोल्डला जोडलेली ती वळ्यांची नळी काढायची आणि भोकात टॉर्च मारायची. आत नारिंगी टोक दिसलं तर व्हॉल्व्ह आहे. काळोख दिसला तर गेला.

गेला असेल तर तो सुटा मिळत नाही, कंपनीच्या पद्धतीनं अख्खा मॅनिफोल्ड बदलावा लागतो. दुसरा पर्याय म्हणजे बाहेरून चेक व्हॉल्व्ह जोडणारे आफ्टरमार्केट किट. कुठलाही निवडा, पण कव्हरच्या आधी किंवा कव्हरबरोबर हे काम व्हायला हवं.

आफ्टरमार्केट म्हणजे डुप्लिकेट नाही

आपल्याकडे दुकानात दोनच शब्द चालतात, ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’. त्यामुळे आफ्टरमार्केट म्हटलं की लोकांना भीती वाटते. खरं तर प्रकार चार आहेत.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यात, कंपनीच्या नंबरसह मिळणारा पार्ट. सगळ्यात महाग.

दुसरा, गाडीच्या कंपनीला तोच पार्ट पुरवणाऱ्या कारखान्यानं स्वतःच्या नावानं विकलेला. गाडीच्या कंपन्या सगळे पार्ट स्वतः बनवत नाहीत, बाहेरून घेतात. त्यामुळे हा पार्ट बऱ्याचदा तोच असतो, फक्त डबा वेगळा आणि किंमत कमी.

तिसरा, वेगळ्या कंपनीनं मूळ पार्ट मोजून, त्याचा साचा करून बनवलेला. हा खरा आफ्टरमार्केट. यात उत्तम ते टाकाऊ अशी सगळी रेंज असते. काही कंपन्या मूळ डिझाईनमधली कमजोरी ओळखून ती सुधारतात, काही फक्त दिसायला सारखा बनवतात.

चौथा, दुसऱ्याचं नाव आणि लोगो छापून विकलेला नकली माल. हाच खरा डुप्लिकेट आणि हाच बेकायदेशीर.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात गल्लत करू नका. आफ्टरमार्केट पार्ट स्वतःच्या नावानं विकला जातो आणि त्याची जबाबदारी घेणारं कुणीतरी असतं.

वॉरंटीचं काय? अमेरिकेत १९७५ पासून मॅग्न्युसन-मॉस हा वॉरंटी कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणावरून कंपनी गाडीची वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या पार्टमुळेच बिघाड झाला, तर गोष्ट वेगळी.

पार्ट हातात आला, आता काय बघायचं?

बसवायच्या आधी दहा मिनिटं द्या. नंतरचा मनस्ताप वाचेल.

१. जुनं आणि नवीन कव्हर शेजारी ठेवा. बोल्टची भोकं, नळ्यांची तोंडं, प्लगच्या विहिरी, सेन्सरची जागा, सगळं जुळतंय का? एकाच गाडीत वर्षानुसार बदल असतात.

२. कव्हर उलटं करून पॅकिंग काढा आणि खालची कड सपाट काचेवर ठेवा. कुठे डुगडुगतंय का? प्लास्टिकचं कव्हर वाकडं असेल तर कितीही चांगलं पॅकिंग लावा, ऑईल येणारच. स्वस्त कव्हरांची ही सगळ्यात मोठी तक्रार.

३. आतल्या वाटांमध्ये प्लास्टिकचे पापुद्रे किंवा तुसं राहिली आहेत का बघा. ती सुटून ऑईलमध्ये पडली तर ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतील.

४. पॅकिंग बरोबर आलंय का, खोबणीत नीट बसतंय का? बोल्ट आणि ऑईलचं झाकण आलंय का, की जुनं वापरायचं?

५. वॉरंटी वाचा. बहुतेक वेळा ती पार्टची असते, मजुरीची नाही. तीन वेळा फुकट पार्ट मिळाला तरी तीन वेळा मजुरी तुम्हीच भरणार.

आणखी एक. काही विक्रेते फक्त पडदा आणि त्यावरची चकती असं किट विकतात. जुनी चकती कापून काढायची आणि नवीन बसवायची. अख्ख्या कव्हरपेक्षा स्वस्त पडतं. पण कव्हरला कुठे चीर असेल किंवा पॅकिंगची कड वाकली असेल, तर या किटचा उपयोग नाही.

बसवताना घात होतो तो बोल्ट आवळताना

व्हॉल्व्ह कव्हर बदलणं हे अवघड कामांत मोडत नाही. क्रूझमध्ये इग्निशन कॉईलची पट्टी काढायची, वायरिंग बाजूला करायचं, नळ्या सोडवायच्या, बोल्ट काढायचे, कव्हर उचलायचं. पण चुका व्हायच्या त्या इथंच होतात.

इंजिन पूर्ण थंड हवं. कव्हर काढायच्या आधी आजूबाजूची धूळ पुसून घ्या, कारण कव्हर उचललं की इंजिनचा आतला भाग उघडा पडतो. खडा, माती, पॅकिंगचा तुकडा, काहीही आत पडता कामा नये.

हेडची कड पुसताना स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, एक चरा पडला की तिथून ऑईल येणार. प्लास्टिकची पट्टी आणि कापड पुरेसं आहे.

सिलिकॉन, म्हणजे आपल्याकडची ‘पेस्ट’, सगळीकडे फासायची नाही. काही इंजिनांत जिथं टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा येतो, तिथं एक ठिपका लावायला सांगितलेला असतो. तेवढाच. जास्तीची पेस्ट आत पिळली जाते, तुकडे सुटतात आणि ऑईलच्या वाटा तुंबतात.

आणि बोल्ट. या कव्हरचे बोल्ट फक्त ८ न्यूटन मीटरला आवळायचे असतात. हे किती? दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण आठ किलोचा जोर. तुलनेला, चाकाचे नट बऱ्याच गाड्यांत १०० ते १४० न्यूटन मीटरला आवळतात. ज्या हातानं चाकाचा नट आवळला त्याच हिशोबानं कव्हरचा बोल्ट आवळला, तर प्लास्टिकला चीर गेलीच म्हणून समजा.

‘लिकेज नको म्हणून अजून थोडा टाईट करतो’ हे वाक्य इथं घातक आहे. पॅकिंग दाबून नाही, सारखं दाबून सील होतं. म्हणून मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, आधी सगळे बोल्ट हातानं टेकवायचे आणि मग टॉर्क रेंचनं दोन टप्प्यांत आवळायचे. मेकॅनिककडे लहान मापाचा टॉर्क रेंच आहे का, हे विचारायला लाजू नका.

सगळं बसल्यावर कोड पुसा, इंजिन चालू करा, कडेनं ऑईल येतंय का बघा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा बघा.

ऑईल गळणं हलक्यात का घेऊ नये?

“थोडंसं ऑईल येतंय, चालतंय की” असं आपण सहज म्हणतो. तर हे ऐका.

जनरल मोटर्सच्याच जुन्या ३.८ लिटर व्ही६ इंजिनांत व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधून ऑईल पाझरायचं. जोरात ब्रेक मारला की ते थेंब खालच्या तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडायचे. त्यातून इंजिनमध्ये आगी लागल्या. कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, दुरुस्त केल्या. तरी आगी थांबल्या नाहीत.

ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीनं सुमारे १४ लाख गाड्या पुन्हा परत बोलावल्या. आधी दुरुस्ती होऊनही १,३०० हून अधिक गाड्यांना आग लागल्याचं कंपनीनंच सांगितलं. काम होईपर्यंत गाडी घराच्या गॅरेजमध्ये ठेवू नका, असंही मालकांना कळवलं.

क्रूझमध्ये तर टर्बो कव्हरच्या पुढच्या कडेच्या खालीच आहे. तिथून ऑईल गळलं तर ते लाल होण्याइतक्या तापणाऱ्या भागाकडे जातं. केबिनमध्ये जळक्या ऑईलचा वास येत असेल, तर पुढच्या पगाराची वाट बघू नका.

प्लगच्या विहिरीत ऑईल उतरणं हाही असाच प्रकार. कॉईलचं रबर फुगतं, स्पार्क नीट पडत नाही आणि इंजिन झटके देतं.

मग आपल्याकडच्या गाड्यांचं काय?

भारतात विकली गेलेली क्रूझ २.० लिटर डिझेल होती, हे १.४ टर्बो पेट्रोल इंजिन तिच्यात नव्हतं. त्यामुळे ही नारिंगी व्हॉल्व्हची गोष्ट तिला जशीच्या तशी लागू नाही. २०१७ च्या अखेरीस शेव्हरोलेनं भारतात गाड्या विकणं थांबवलं. पुण्याजवळच्या तळेगावचा कारखानाही पुढे बंद झाला. ज्या कंपनीनं विक्री थांबवली, तिच्या जुन्या गाड्या जगतात त्या बऱ्याच अंशी आफ्टरमार्केट पार्टच्या जिवावरच.

पार्ट कुठून घ्यायचे यावर आपल्याकडे मोठी कायदेशीर लढाई झालीय. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना खुलेपणानं मिळू देत नाहीत, हा ठपका होता. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिलं. पण आपल्या नाक्यावरच्या मेकॅनिकला चांगला पार्ट मिळणं हा ग्राहकाच्या हक्काचा विषय आहे, हे त्यातून पुढे आलं.

तुमची गाडी साधी पेट्रोल असेल आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह वेगळा असेल, तर बरंच सोपं आहे. कव्हर फुटलेलं नसेल तर बहुतेक वेळा फक्त पॅकिंग बदलून भागतं. मेकॅनिक थेट कव्हर बदलायला सांगत असेल तर “चीर कुठे आहे, दाखवा” असं विचारा. आणि पॅकिंग सारखं सारखं जात असेल तर पीसीव्ही तुंबलाय का, ते तपासायला सांगा. तुंबलेल्या पीसीव्हीमुळे आत दाब साठतो आणि तो नवं पॅकिंगही टिकू देत नाही.

गाडी टर्बो पेट्रोल असेल तर पीसीव्ही कुठे आहे, हे आधी माहिती करून घ्या. आजकाल लहान गाड्यांतही टर्बो आलाय. जुनी बीएमडब्ल्यू स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यांनी तर किमतीबरोबर कव्हरचाही भाव विचारून ठेवावा.

थोडक्यात, क्रम लक्षात ठेवा

आधी कोड वाचा, पण कोडवर पार्ट मागवू नका. चकतीच्या छिद्रापाशी आवाज तपासा. मग नळी काढून मॅनिफोल्डमधला व्हॉल्व्ह बघा. तो नसेल तर आधी त्याची सोय करा. त्यानंतर कव्हर निवडा, मूळ पुरवठादाराचं मिळालं तर उत्तम, नाहीतर नाव असलेलं आफ्टरमार्केट. काचेवर ठेवून कड तपासा आणि ८ न्यूटन मीटरला बसवा.

तुमचा भाऊ, भाची किंवा मित्र अमेरिकेत जुनी क्रूझ बघायला चालला असेल, तर त्याला सांगा की जाताना खिशात टॉर्च ठेव. विकणाऱ्याला विचारून, इंजिन थंड असताना ती नळी काढून बघ. नारिंगी टोक दिसलं नाही, तर मॅनिफोल्ड आणि कव्हरचा खर्च धरून भाव कर. तो तयार नसेल तर पुढची गाडी बघ.